सुरूच्या बनातलं स्पॅनिश

माझी सून मराठी कशी शिकली, ही गोष्ट मी तीस वर्षं सांगत आलो आहे. बारशाला सांगितली, लग्नाच्या पंगतीत सांगितली, साड्या बघायला आलेल्या व्यापाऱ्यांना चहा पाजताना सांगितली. बैलहोंगलकडची कन्नड मुलगी, कानावर कधी मराठी पडलेली नाही. आमच्या बेळगावच्या वडगावातल्या घरात आली आणि तीन महिन्यांत अशी बोलायला लागली की गल्लीतल्या बायकांनी तोंडात बोटं घातली. कुणी शिकवलं नाही, कुणी जबरदस्ती केली नाही. तिला गोडीच तेवढी! शेवट तर ठरलेलाच होता. आवाज जरा खाली आणून मी म्हणायचो, "अहो, तिचे वडील भेटायला आले, तर ती बापाशीसुद्धा मराठीत बोलली!" इथे ऐकणारे हमखास माना डोलवायचे.

ही गोष्ट खोटी आहे. खरी गोष्ट मी गेल्या डिसेंबरात वेंगुर्ल्याला, समुद्राकाठी, तंबूच्या पुढ्यात बसून सांगितली, आणि तीही स्पॅनिशमध्ये. माझं वय अठ्ठ्याहत्तर. आता ती मराठीत लिहून ठेवतो आहे, कारण खोटी सांगितली होती ती मराठीतच.

सुरुवात नातवाच्या फोननं झाली. तो स्पेनमध्ये पवनचक्क्यांच्या कंपनीत नोकरीला आहे. दिवाळीच्या पाडव्याला त्यानं फोन करून सांगितलं, इथली एक मुलगी आहे, लग्न करायचं म्हणतो. सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझा लौकिकच तसा. मी म्हणालो, "मग घेऊन ये की! बघतोस काय?"

नात कॉलेजात शिकते, तिच्या तोंडाला कुलूप नाही. ती म्हणाली, "आज्जा, खरंच? मला वाटलं आता रामायण होणार."

"कशाला रामायण? जग कुठं चाललंय आणि तुम्ही कुठं बसलाय," असं मी तिलाच सुनावलं.

फेब्रुवारीत मुलगी आणि तिची आई आमच्याकडे आठ दिवस राहायला येणार, असं ठरलं. मुलीला इंग्रजी येतं. आईला स्पॅनिशशिवाय काही येत नाही. आमच्या बायकोला लगेच घोर लागला. "आठ दिस त्या बाईसंगट निस्तं हसत बसू काय मी? गाल दुखतील की."

तेव्हा मी जे बोललो ते मला शब्दाशब्दानं आठवतं. मी म्हणालो, "आपण शिकायचं. पाव्हणी घरात येणार आणि तिच्याशी तिच्या भाषेत बोलायला एक माणूस न्हाय, हे बरं दिसतंय व्हय?"

सून तांदूळ निवडत बसली होती. तिचा हात सुपावर थांबला. मला वाटलं, तिला बरं वाटलं.

मग आमच्या घरात जे वेड शिरलं ते काय सांगावं! नातीनं फोनवर धडे घेऊन थोडंफार स्पॅनिश आधीच गोळा केलं होतं, ती आमची मास्तरीण झाली. मागाच्या शेडमध्ये भिंतीवर खडूनं शब्द लिहिले. आमचे चार पॉवरलूम, त्यातले दोन चालू. खटाखटा खटाखटा आवाजात मी भिंतीकडे बघत "ग्रासियास, ग्रासियास" म्हणायचो. गिऱ्हाईक विचारायचं, कसला जप चाललाय? मुलगा ऑफिसातनं दमून यायचा आणि पहिल्याच शब्दाला जांभई द्यायचा. बायको मालिकेच्या वेळेला उठून जायची. पंधरा दिवसांत "धन्यवाद" आणि "नमस्कार" यांच्या पलीकडे आमची गाडी गेली नाही.

नात वैतागली. "घरात हे जमणार न्हाय. वहिनीच्या घरचे दर उन्हाळ्यात समुद्राकाठी तंबू ठोकून राहतात, दादा सांगत होता. आपण पण जाऊया. तीन दिवस. तिथं ना टीव्ही, ना माग, ना ओळखीचं कोण. चुकलं तरी लाजायचं कारण न्हाय."

तंबूत राहायचं! मी उभ्या जन्मात मागाच्या आवाजापासून लांब तीन दिवस काढले नव्हते. मला पोरासारखा उत्साह आला. नातीनं कॉलेजातल्या मित्रांकडून दोन तंबू आणले. मी ते आधी अंगणात ठोकून बघितले, एकदा नव्हे, दोनदा. बायकोनं ज्वारीचं पीठ, शेंगाची चटणी, पापड, लोणचं असं इतकं भरलं की मुलगा म्हणाला, "आई, आपण तीन दिवस चाललोय, वनवासाला न्हाय."

शुक्रवारी उजाडायच्या आधी निघालो. आंबोलीचा घाट उतरताना गाडीतच शाळा भरली. आणि काय गंमत सांगू, त्या परक्या भाषेत ओळखीची तोंडं दिसायला लागली! साबणाला खाबोन. मेजाला मेसा. खमिसाला कामीसा. बटाट्याला पाताता. मी प्रत्येक शब्दाला मांडीवर थाप मारत होतो. "अगं, हे तर आपलंच!" बायकोला बापाचा शब्द सांगितला, पाद्रे, तर ती म्हणाली, "बापाला पाद्री? आगं आई, आणि लेकरं कशी हुतात?" मुलाला गाडी बाजूला घेऊन हसावं लागलं.

सून मागच्या सीटवर खिडकीशी होती. तिला एकदा सांगितलेला शब्द दुसऱ्यांदा सांगावा लागत नव्हता. नात म्हणाली, "आई, तू तर टॉपर आहेस." सून म्हणाली, "मला सवय आहे." आम्ही सगळे पुन्हा हसलो. ती त्यात नव्हती, हे मला त्या वेळी दिसलं नाही.

वेंगुर्ल्याला गावापासून जरा लांब, सुरूच्या बनात, एकानं आपल्या घरामागे तंबूंसाठी जागा केली आहे. पुढे वाळू आणि लगेच समुद्र. जागेचा मालक आमचा पसारा बघायला आला. आम्ही कशाला आलोय ते कळल्यावर त्यानं डोकं खाजवलं. "बेळगावचे? तुमका मराठी येता, कन्नड येता, हिंदी येता. आणखी ह्यां कित्याक?"

"नातसून येणार हाय!" मी छाती फुगवून सांगितलं.

तंबू उभे राहिले. तीन दगडांची चूल मांडली. नातीनं कमरेवर हात ठेवून नियम सांगितला. "चूल पेटली की मराठी बंद. भांडी घासून होईपर्यंत बंद. कुणी मराठीत काही मागितलं, तर द्यायचं न्हाय. उत्तर द्यायचं न्हाय. बघायचं सुद्धा न्हाय."

मी टाळ्या वाजवल्या. खरंच वाजवल्या. "शाब्बास! असा नियम पायजे. भाषा अशीच येत्या."

सुनेनं माझ्याकडे बघितलं. एकदाच, आणि फार वेळ नाही. मग ती भाकरी थापायला बसली.

जेवणाला काय मजा आली! मुलानं "साल, पोर फावोर" म्हणून मीठ मागितलं आणि ते मिळाल्यावर मॅच जिंकल्यासारखा हात वर केला. बायकोनं भाकरीला "पान" म्हणायचं कबूल केलं, पण दरवेळी पुढे "म्हंजे खायचं पान न्हवं" हे मराठीत जोडायची आणि नात तिच्या ताटातला पापड जप्त करायची. समुद्राचा वारा, डोक्यावर सुरूची सळसळ, शेंगाची चटणी. मी मोठा घास घेतला आणि चटणी सरळ टाळूला गेली.

ठसका लागला. पाण्याला काय म्हणायचं ते डोक्यातनं साफ उडालं. "पाणी दे गं," मी म्हणालो.

नात समुद्राकडे बघायला लागली.

"पाणी!"

मुलगा ताटात बघत होता. बायको पदरानं तोंड झाकून हसत होती. तांब्या माझ्यापासून पाच हातांवर, नातीच्या मांडीशी. डोळ्यांतनं पाणी, नाकातनं पाणी. मीही आधी हसलो. मग तिसऱ्यांदा "अरे, पाणी" म्हणालो, आणि तरीही कुणी हललं नाही, तेव्हा माझं हसणं थांबलं. ही माझी माणसं. मी काय मागतोय ते यांना कळतंय. आणि कुणी माझ्याकडे बघत नाही.

सून उठली. पिठाच्या हातानं तिनं पेला भरला आणि माझ्यापुढे ठेवला.

"आई! नियम!" नात ओरडली.

"पाणी मागितल्यावर पाणी द्यायचं. ते न्हाय जमणार मला," सून म्हणाली आणि पुन्हा चुलीपाशी जाऊन बसली.

खेळ पुढे सुरू झाला. मी पाणी पीत राहिलो, ठसका गेल्यावरसुद्धा.

आता तीस वर्षांपूर्वीचं सांगतो. मुलाचं लग्न आम्ही ठरवून केलं, मुलगी कन्नड हे माहीत असून केलं. माणसं चांगली होती. पण ते दिवस आमच्याकडे भाषेवरनं तापलेले होते, आणि वरातीच्या दिवशी गल्लीत कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, "बघा, ह्यांच्या चुलीपर्यंत आली कन्नड." ते मला झोंबलं. दुसऱ्या दिवशी मी घरात सांगितलं, सून कन्नडमध्ये काही बोलली तर कुणी उत्तर द्यायचं नाही. मागितलं तर द्यायचं नाही. आठ दिवसांत आपोआप शिकेल. पहिल्याच सकाळी तिनं "नीरु" मागितलं. पाणी. ती माझ्या तोंडाकडे बघत होती आणि मी पेपर वाचत होतो.

आणि मला कन्नड येत नव्हती असं समजू नका. सुताच्या दुकानात, बाजारात, सरकारी ऑफिसात मी दिवसभर कन्नडच बोलायचो, सफाईनं बोलायचो, कन्नडमधनं विनोद करायचो. उंबऱ्याच्या आत आलो की मला ती कळत नसे.

दोन महिन्यांनी तिचे वडील आले. फडक्यात बांधलेल्या ज्वारीच्या कडक भाकऱ्या, लोणी, होळगी म्हणजे पुरणपोळी, असं सगळं घेऊन एसटीनं आले. मी सोप्यात बसलो होतो. सून पाणी घेऊन बाहेर आली, आधी माझ्याकडे बघितलं, मग बापाला म्हणाली, "पाणी घ्या, अप्पा. प्रवास बरा झाला का?" त्या माणसानं तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. हसले. तिची आई आजारी आहे हे सांगायला ते आले होते. पोटच्या पोरीला ते त्यांनी, एखाद्या साहेबापुढे बोलावं तसं, शब्द शोधत शोधत मोडक्या मराठीत सांगितलं. मी तिथेच होतो. "कन्नडमध्ये बोला की" एवढंच म्हणायचं होतं. तासाभरापूर्वी सूतवाल्याशी मी तेच करून आलो होतो. म्हणालो नाही. ते संध्याकाळच्या गाडीनं परत गेले. पुढे आले की घरी यायचे नाहीत, स्टँडवर मुलीला बोलवून घ्यायचे आणि तिथल्याच बाकावर बसून बोलून जायचे. आता ते नाहीत.

आणि याच भेटीचा मी माझ्या गोष्टीचा शेवट केला होता.

दुसरा दिवस मात्र, खरं सांगतो, माझ्या आयुष्यातल्या आनंदाच्या दिवसांपैकी एक. मनात खडा असूनसुद्धा. सकाळी बायको ओचे खोचून गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि प्रत्येक लाटेला "एल मार! एल मार!" असं बोट दाखवून सांगत राहिली, जणू समुद्राला त्याचं नाव ठाऊक नव्हतं. मुलगा मासळीवालीकडे जाऊन पापलेटाला "मुय कारो, मुय कारो" म्हणाला, म्हणजे फार महाग. ती म्हणाली, "कारो नाय रे बाबा, पापलेट तां." मासळी घ्यायला मुलगा आणि मी गेलो, आणि परत येताना वाळूत अक्षरशः पळत आलो, मी अठ्ठ्याहत्तर आणि तो पंचावन्न, कारण आम्हाला एक अख्खं वाक्य जमलं होतं आणि ते विसरायच्या आत नातीला म्हणून दाखवायचं होतं.

दुपारी नातीनं बातमी सांगितली. उद्या रविवार, साडेपाचला तिकडं फोन लावायचा. व्हिडिओवर. मुलगी आणि तिची आई दोघी असणार. प्रत्येकानं काहीतरी सांगायचं. आज्जीनं भाकरी कशी करतात ते. बाबांनी मासळीबाजार. "आणि आज्जा, तुम्ही ती गोष्ट. आई मराठी कशी शिकली ती! कसली भारी आहे. ती पोरगी पण आपल्या घरात येणार, तिला धीर येईल."

सून पापलेट साफ करत होती. तिनं मान वर केली नाही. "सांगा की मामांजी. चांगली गोष्ट हाय ती."

नात वही घेऊन माझ्याशेजारी बसली. "लहान लहान वाक्यं सांगा. मोठी मला येत न्हाईत."

"ती लग्न करून आली," मी म्हणालो. तिनं लिहिलं.

"तिला कन्नड येत होती." लिहिलं.

"मग तिला मराठीची गोडी लागली."

"गोडी कसं म्हणू? मला फक्त साखर म्हणता येतंय. काय झालं ते सांगा आज्जा. कुणी शिकवलं?"

"कुणी न्हाय."

"शाळा? पुस्तक?"

"न्हाय."

"मग? शेजारचे बोलायचे तिच्याशी?"

तीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मराठीत माझी गोष्ट इतकी गुळगुळीत होती की तिच्यात बोट घालायला फट नव्हती. इथे माझ्याजवळ पन्नास-साठ शब्द. आली, बोलली, पाणी, दिलं, नाही दिलं. या शब्दांत खोटं कसं बसवायचं ते मला येईना. मी तिला म्हणालो, "तू क्रियापदं तेवढी लिहून दे. बाकी मी बघतो." कुठली क्रियापदं हवीत ते सांगितलं तेव्हा तिनं माझ्याकडे जरा चमकून बघितलं, पण लिहून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोला घेऊन मी वाळूवरनं लांब चालत गेलो. तिला म्हणालो, "ती गोष्ट मी आज खरी सांगणार हाय. पोरगी लग्न मोडते काय कुणास ठाऊक. पण खोटं सांगून तिला घरात आणायचं न्हाय."

बायको चालता चालता शिंपले गोळा करत होती. म्हणाली, "खरी म्हंजे कुठली? तुमची का आमची?"

"तुमची कुठली?"

"अवो, तुमास्नी काय वाटतंय, ती पोर तीन म्हयने मुकी हुती? सुताच्या कांड्या भरायला आमी दोघी शेडात बसायचो का न्हाय, मागांच्या पाठीमागं? माग चालू झाला की आमी बोलायचो. तिची कन्नड, माझी मोडकीतोडकी. रडायची, हसायची, माहेरचं सांगायची. लाईट गेली, माग थांबला, की गप. मग मराठी."

मी उभाच राहिलो. मला सगळं दिसायला लागलं. वीज जायची, चारी माग एकदम थांबायचे, आणि त्या शांततेत मागनं सुनेचा स्वच्छ आवाज यायचा, "आत्ती, डाळ भिजत घालू का?" मला वाटायचं, काय सुरेख बोलायला लागली! त्या आधी दोघींचे ओठ हलताना मी रोज बघत होतो. मागाच्या आवाजात ऐकू काय येणार?

"तू मला कधी बोलली न्हाईस," मी म्हणालो.

"तुम्ही माग बंद करून बसला असता."

"आणि पोरांना कन्नड..."

"शाळेतनं आली वाटलं व्हय तुमास्नी?" ती हसायला लागली. "ल्योक, नात, नातू, समदी शेडातच शिकली. मलाबी आता घडाघडा येत्या. सगळ्या घराला येत्या. निस्तं तुमच्यापुढं कुणाला येत न्हाय."

मला लाज वाटली, ती सांगत नाही. पण लाजेबरोबर छाती हलकीही झाली. मी दिलं नाही ते पाणी तिला त्या घरात कुणीतरी देत होतं, माझ्या पाठीमागे, माझ्याच मागांच्या आडोशानं.

साडेपाचला फोन डब्यावर उभा केला. मागे सूर्य कलायला लागलेला. पडद्यावर मुलगी आली, लाजली, हसली. तिच्या शेजारी तिची आई, जेवणाचं टेबल मांडलेलं. नातू मागे उभा. "ओला! ओला!" असा दोन्हीकडून इतका गलका झाला की सुरूतले कावळे उडाले. बायकोनं परातीत भाकरी थापून दाखवली. विहीणबाईंनी टाळ्या पिटल्या आणि तिकडे हवेतच थापून बघितलं. मुलानं मासळीबाजार सांगितला, त्यात चार शब्द बरोबर होते.

मग माझी पाळी. हातातला कागद मी खिशात घातला.

मी म्हणालो, ती माझ्या घरी आली. तिची भाषा दुसरी होती. "एया आब्लाबा." ती बोलायची. "यो नो रेस्पोंदिआ." मी उत्तर देत नव्हतो. ती म्हणाली, पाणी. तिच्या भाषेत म्हणाली. मला तो शब्द माहीत होता. मी पाणी दिलं नाही. तिचे वडील आले. ते मुलीशी माझ्या भाषेत बोलले, माझ्या भीतीनं. मला त्यांची भाषा माहीत होती. मी गप्प बसलो. मी लोकांना सांगितलं, तिला आवडलं म्हणून ती शिकली. ते खोटं. आज मी हे पहिल्यांदा सांगतोय.

बारा-तेरा वाक्यं असतील. चुका किती झाल्या देव जाणे. नातीच्या तोंडावरचं हसू पहिल्या चारातच गेलं होतं. मुलगा वाळूकडे बघत होता. सुनेकडे बघायचं धाडस मला झालं नाही, मी समोर त्या परक्या बाईकडेच बघत राहिलो. तिनं हातातला चमचा खाली ठेवला. मग तिनं दोनच शब्द विचारले, हळू, मला कळावेत असे.

"ई आओरा?"

आणि आता?

मी सुनेकडे वळलो. ती परातीशी बसली होती, हात पिठात तसेच. मी तिला म्हणालो, "चा कुडीतीयेनवा?" चहा घेशील का, बाई? तीस वर्षांत तिच्याशी बोललेलं माझं पहिलं कन्नड वाक्य.

ती माझ्याकडे बघत राहिली. डोळे भरले, पण खाली वाहू दिले नाहीत. मग म्हणाली, "नीव माडतीरेन्री?"

तुम्ही करणार?

बायको फस्सकन हसली. नात हसली. पडद्यापलीकडे काही न कळता त्या मायलेकी हसल्या. मी उठलो, चुलीत काटक्या सारल्या, आणि जन्मात पहिल्यांदा पाच माणसांचा चहा केला. आलं जास्त झालं, दूध उतू गेलं. चूल पेटलेली होती, पण नातीनं नियमाची आठवण करून दिली नाही. सुनेनं पेला हातात घेतला, एक घोट घेतला आणि मराठीत म्हणाली, "हे अप्पांनी ऐकायला पायजे हुतं, मामांजी."

"व्हय," मी म्हणालो.

विहीणबाई फेब्रुवारीत येणार आहेत. लग्न मोडलेलं नाही. उलट मुलीनं नातवाला विचारलं म्हणे, आधी स्पॅनिश शिकवू, का मराठी शिकू, का कन्नड? तो बिचारा घाबरला आहे.

सोमवारी परत निघालो. आंबोलीला धुकं होतं, वडापावाच्या टपरीवर गाडी थांबवली. तेवढ्यात सुनेचा फोन वाजला. तिच्या आईचा. इतकी वर्षं माहेरचा फोन आला की ती उठून शेडमध्ये जायची. मला वाटायचं, तिथं रेंज चांगली मिळते. आताही सवयीनं तिचा हात गाडीच्या दाराकडे गेला. मग तिनं तो मागे घेतला आणि जागेवरच बसून बोलायला लागली, कन्नडमध्ये, मोकळ्या आवाजात. वेंगुर्लं, तंबू, पापलेट, आत्तीनं समुद्राला शिकवलेलं स्पॅनिश. तिला इतकं सलग बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. ती विनोदी बोलते, हे मला माहीत नव्हतं.

मधेच ती थांबली आणि फोन माझ्यापुढे धरला. "अव्वा विचारालीय, कोण कोण हाय गाडीत. तुम्हीच सांगा."

मी फोन कानाला लावला. म्हातारी पलीकडून इतक्या जोरानं ओरडली की मी फोन लांब धरला. वीस वर्षं ती लेकीशी अशीच बोलत आली असणार, मागाच्या खटाखटीवर आवाज चढवून. तिला दुसरं माहीतच नव्हतं.

मी तिला कन्नडमध्ये सांगितलं, "अव्वा, हळू बोला. माग बंद आहेत."